धावदोऱ्याचा पाऊस

निशि-कासाइला आमच्या घरात बैठकीची एक भिंत चार वर्षं रिकामी होती. टोकियोत भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकलेला चालत नाही, बारीक टाचणी फार तर खपवून घेतात. म्हणजे काचेच्या चौकटीतलं चित्र बाद. टाचणीवर तोलून राहील असं हलकं काहीतरी हवं होतं, आणि हलकं म्हटलं की माझं मन कापडाकडेच जातं. वाईच्या आमच्या आजीनं आयुष्यभर गोधड्या शिवल्या. तिच्या पुढ्यातल्या चिंध्यांच्या ढिगात हात घालतच मी मोठी झाले.

निप्पोरि स्टेशनपासून पूर्वेला कापडदुकानांचा एक लांब रस्ता जातो. तिथे होकुसाइ या जुन्या जपानी चित्रकाराची प्रसिद्ध लाट छापलेलं तयार कापड मिळालं. खाली पातळ कापसाचा थर, त्याखाली अस्तर, आणि वरून छापील रेघांवर टाके घालत जायचं. दोन आठवड्यांत लाट भिंतीवर गेली. घरी येणाऱ्या सगळ्यांना आवडली. मला ती रोज थोडी थोडी खुपायला लागली. चित्र आधीच पुरं झालेलं होतं, माझी सुई त्याच्या मागून नुसती चालून आली होती. कापडाला जे येतं ते कापडानं त्यात काहीच केलं नव्हतं.

तेव्हा मी मोरिशिताला क्विल्टच्या, म्हणजे असे थर एकत्र शिवण्याच्या, एका छोट्या वर्गाला जात होते. सत्तरी ओलांडलेल्या सेन्सेइ, म्हणजे आमच्या बाई, सहा-सात बायका, एक लांब टेबल. जूनमध्ये, त्सुयु म्हणजे इथला पावसाळा लागलेला असताना, वर्ग सुटल्यावर मी सुमिदा नदीवरच्या शिन-ओहाशि पुलावरून चालत निघाले आणि ऐन मध्यावर सर आली. पूल आजचा, १९७७ चा, वर पोलादी दोरखंड ताणलेले. पण नदी तीच, आणि पलीकडचा काठ पावसात तसाच करडा पुसट झालेला. इथल्याच जुन्या लाकडी पुलावरच्या पावसाचं, लाकडी ठशांनी छापलेलं एक चित्र आहे, हिरोशिगे या एकोणिसाव्या शतकातल्या जपानी चित्रकाराचं. ते मी पुस्तकांत शंभर वेळा पाहिलं असेल. भिजत उभी राहून पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला करायचं आहे.

चित्राचं नाव ‘ओहाशि अताके नो यूदाचि’. यूदाचि म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळच्या सुमारास एकाएकी कोसळणारी सर. आपला वळीव वैशाखातला आणि यूदाचि इथल्या भर उन्हाळ्यातली, म्हणजे जुलै-ऑगस्टमधली, तरी स्वभाव एकच. अताके हे चित्रातल्या पलीकडच्या काठाचं नाव. तिथे एकेकाळी शोगुनचं, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याचं, अताकेमारु नावाचं प्रचंड जहाज नांगरलेलं असे, त्यावरून पडलेलं. हिरोशिगेनं १८५७ साली, ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळं’ या मालिकेत ते काढलं. १८५५ च्या भूकंपात एदो, म्हणजे तेव्हाचं टोकियो, मोडलं होतं, त्यानंतर काही महिन्यांतच मालिका सुरू झाली. हे समजल्यापासून त्या लाकडी पुलावर छत्र्या डोक्याशी ओढून पळणारी माणसं मला वेगळी दिसतात. खाली नदीत एकटा तराफेवाला बांबू टेकत चालला आहे, त्याला कुठे पळायला जागाच नाही.

सेन्सेइंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “करा. पण आधी छपाई बघून या. चित्र बघून क्विल्ट करू नका.”

म्हणून एका कार्यशाळेत प्रात्यक्षिक बघायला गेले. दोन तास मी कारागिराच्या हातांवरून नजर काढली नाही. रानचेरीच्या लाकडाचे ठसे, प्रत्येक रंगाचा वेगळा. प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा असे चौघे मिळून एक चित्र व्हायचं, हे वाचून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिली ती केन्तो. ठशाच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच असते, आणि त्याच कडेला थोड्या अंतरावर दुसरी सरळ खाच. दमट कागदाचा कोपरा आणि कड त्या खाचांत टेकवली की दहावा रंगसुद्धा पहिल्याच्या जागेवर अचूक उतरतो. मग वरून बारेन फिरवायचं. बारेन म्हणजे बांबूच्या कोंबावरच्या सालीत गुंडाळलेली चपटी गोल गादी. ती फिरते तेव्हा भाकरी थापल्यासारखा खांद्यापासून जोर लागतो.

दुसरी गोष्ट बोकाशि, रंग गडदपासून विरत जाणं. ते ठशावर कोरलेलं नसतं. कारागीर ओल्या लाकडावर ब्रशानं रंग ओढून विरवतो आणि प्रत्येक प्रतीला पुन्हा नव्यानं ओढतो. पुलावरच्या त्या चित्रात वरचा काळा ढग असाच हातानं विरवलेला आहे, म्हणून वेगवेगळ्या प्रतींत तो ढग वेगवेगळा भेटतो.

घरी आले ती एकच विचार करत. इथे थरावर थर चढतो, तसाच माझ्याकडेही चढणार. सपाट रंग कापड देईल. विरणारा रंग कापडाकडून कसा काढायचा? आणि पाऊस?

मूळ चित्र साधारण ३६ बाय २४ सेंटीमीटर. मी तिप्पट धरलं, १०८ बाय ७२. यामागे हिशेब होता. किमोनोच्या कापडाचा पन्हा जेमतेम ३६ ते ३८ सेंटीमीटर असतो, म्हणजे दोन पन्हे जोडले की माझी रुंदी भरते. शिवणीची माया सोडली की अगदी काटोकाट, म्हणून थोडा रुंद पन्हा शोधावा लागला. जोड ऐन मध्यावर, उभा येणार होता. तो नदीत दिसला असता तर सगळा पाऊसच तिथे दुभंगला असता. मग दोन्ही तुकड्यांचे उभे धागे जुळवून घेतले आणि शिवण उलटीकडून दाबून इतकी सपाट केली की आज मला स्वतःला ती बोटानं शोधावी लागते.

कापड मोन्झेन-नाकाचोला मिळालं. तिथे तोमिओका हाचिमान देवळाच्या आवारात काही रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. जुने किमोनो, युकाता म्हणजे उन्हाळ्यातले साधे सुती किमोनो, त्यांचे उसवलेले तुकडे ढिगानं पडलेले असतात. मला निळा हवा होता. हिरोशिगेच्या काळातला तो गहिरा निळा मूळ बर्लिनमध्ये शोधलेला रंग, जपानी लोक त्याला बेरो-आइ म्हणायचे. १८३० च्या आसपास तो इथे स्वस्त झाला आणि नद्या, समुद्र, आभाळ सगळं त्या निळ्यात न्हालं. मी घेतली ती मात्र नीळ, आइझोमे, सुती युकाताची. एक युकाता हातात घेतली आणि जागीच थांबले. तिची घडी कित्येक वर्षं खिडकीपाशी पडलेली असणार, एका बाजूला ऊन लागून निळा रंग हळूहळू उडत गेला होता. गडद, मग मध्यम, मग जवळजवळ राखाडी, कुठेही रेघ नाही. नदीचा बोकाशि आयता हातात आला होता. विकणारे आजोबा रंग उडाला म्हणून किंमत कमी करायला निघाले. मी त्यांना म्हटलं, “हा उडालेला रंगच मला हवाय.” ते हसले आणि पैसे तरीही कमीच घेतले.

ढगासाठी ‘रो’ रेशीम. उन्हाळी किमोनोचं हे जाळीदार, पातळ विणीचं रेशीम. काळा रो किमोनो उन्हाळ्यातल्या शोकप्रसंगी नेसतात, त्यामुळे जुन्या बाजारात त्याला फारसं कुणी विचारत नाही. मी सेन्सेइंना जरा घाबरतच विचारलं की चालेल का. त्यांनी कापड उजेडापुढे धरलं, बराच वेळ धरून ठेवलं. म्हणाल्या, “ढग याच्यापेक्षा चांगला कशाचा करणार?” एकावर एक तीन पदर घेतले, प्रत्येक आधीच्यापेक्षा आखूड. खालच्या कडा दुमडल्या नाहीत, धागे उपसून विस्कटू दिल्या. एकावर एक पडले की वर काळाकुट्ट, खाली नुसती सावली.

नीळ धुतली तर रंग जाणार हे गृहीत होतं. गार पाण्यात तीनदा धुतली, मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिली. फडक्यावर अजून निळसर डाग उमटत होता, म्हणून आणखी दोनदा. इथे घाई करू नये. पुढे पांढऱ्या-पिवळ्या तुकड्यांना निळा लागला तर तो कशानंच निघत नाही.

तुकडे लावण्याचं काम, म्हणजे अ‍ॅप्लिक, तसं सरळ. सगळ्यात मागचं आधी: पलीकडचा काठ, मग नदी, मग पुलाचे खांब, पूल, शेवटी माणसं. इथे केन्तो कामाला आली. पायाच्या कापडावर एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं काटकोन टाचला, खालच्या कडेला एक सरळ खूण. पारदर्शक प्लास्टिकवर पूर्ण चित्र रेखून त्यावरही त्याच खुणा केल्या. प्रत्येक तुकडा लावताना प्लास्टिक खुणांवर टेकवायचं, त्याखाली तुकडा सरकवायचा. खांब दीड सेंटीमीटर रुंदीचे आणि कमानीच्या खाली तिरपे-उभे. कडेची माया चार मिलिमीटर ठेवून सुईच्या टोकानं आत ढकलत जायची. कठड्याला उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी लागली, नाहीतर पुलाचा बाक वळत नाही. माणसं करायला मला अठरा दिवस लागले. एकेक छत्री नखाएवढी. त्यातली एक तीनदा उसवली.

जुलै अखेर वरचा थर तयार झाला. अस्तराला काय घ्यायचं हे मी कधीच ठरवून टाकलं होतं: आजीचं एक जुनं सुती लुगडं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं, विटलेल्या हिरव्या रंगाचं. आईनं ते मला इथे येताना दिलं होतं. लुगडं खाली, मध्ये कापसाचा थर, वर चित्र. तिन्ही कच्च्या टाक्यांनी टाचले आणि पावसाला बसले.

हिरोशिगेचा पाऊस म्हणजे नुसत्या बारीक रेघा. त्या दोन ठशांवर कोरलेल्या आहेत, एक ठसा गडद, एक फिका, आणि दोन्हींचा तिरकेपणा किंचित वेगळा. त्या किंचित फरकातच सगळी सर आहे. १८८७ मध्ये पॅरिसला व्हॅन गॉगनं याच चित्राची तैलरंगात नक्कल केली, पण त्याच्या रंगाच्या जाड थरात मला पावसाची ती धार सापडत नाही. रेघ कोरणाऱ्यानं दोन्ही बाजूंचं लाकूड काढून मधे केसाएवढा बांध शिल्लक ठेवलेला असतो. एक निसटला की ठसा वाया. आणि अशा रेघा शेकड्यांनी.

मी आधी साशिकोचा, म्हणजे जपानी धावदोऱ्याच्या भरतकामाचा, पांढरा जाड दोरा घेतला. पाऊस म्हणजे पांढरा, असं हातानंच ठरवलं होतं. पाच रेघा घातल्या आणि दूर जाऊन पाहिलं तर निळ्यावर कुणी ओरखडे काढल्यासारखं. पुन्हा चित्र उघडलं. त्यात पाऊस काळा आहे. इतकी वर्षं पाहूनही मला तो पांढराच आठवत होता.

मग बारीक काळपट दोरा घेतला, साधा धावदोरा, तिन्ही थरांतून. दोन-तीन रेघा झाल्या आणि मला जे कळलं ते कुठल्याही पुस्तकात वाचून कळलं नसतं. दोरा रेघ काढतच नाही. टाका कापड खाली दाबतो, कापूस दोन्ही बाजूंनी फुगतो, आणि मधल्या घळीत सावली पडते. रेघ दिसते ती त्या सावलीची. टाका तुटक असला तरी घळ सलग असते, म्हणून दोन हातांवरून ती वरून खालपर्यंत एका दमात येते. सकाळच्या तिरप्या उजेडात पाऊस जोराचा असतो, दुपारी विरळ होतो. छापील लाटेत मला जे मिळालं नव्हतं ते हेच होतं.

रेघा आखायला पाण्यानं जाणारं पेन वापरायची छाती झाली नाही, कारण नीळ पुन्हा भिजवायची नव्हती. सेन्सेइंनी हेरा दिला. हे हाडाचं छोटं चपटं हत्यार, किमोनो शिवणारे त्यानं कापडावर दाबून खूण करतात. रंग नाही, पाणी नाही, नुसती दबलेली रेघ. ती तासाभरात पुसट होते, म्हणून एका वेळी चारच आखायच्या.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्या दिशेच्या रेघा मधल्या भागात भरत आल्या होत्या. एका रात्री काम जमिनीवर पसरलं आणि पोटात धस्स झालं. पूल वाकडा दिसत होता. पट्टी लावली. वर आणि खाली ७२, मधे साडेअडुसष्ट. दाट टाक्यांनी कापूस आणि कापड आत ओढलं होतं, कडा तशाच राहिल्या होत्या. भिंतीवर धरलं तर खालचे कोपरे पंख्यासारखे पुढे येत होते.

आईला व्हिडिओ कॉल केला. भारतात संध्याकाळ होती. तिनं चष्मा लावला, मला कॅमेरा कापडाजवळ न्यायला लावला.

“अगं, मधे घट्ट आणि कडेला ढिलं शिवलंस. झोळ येणारच. आजी काय करायची आठवतंय? सगळीकडं सारखं. एक बोट सोडून एक ओळ, कुठंही कमी नाही, जास्त नाही.”

“पण आजी कडेनं सुरू करायची, इथे सांगतात मधून सुरू करा.”

“आजी गोधडी जमिनीवर ताणून पायानं दाबून धरायची. तुझी मांडीवर आहे. तू मधूनच कर. पण दोरा ओढू नकोस. ओढायची सवय तुला लहानपणापासूनची.”

पुढच्या वर्गात सेन्सेइंनी तीच गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगितली, इतोकोकि. चार टाके घेतले की दोरा ओढायचा आणि लगेच अंगठा व तर्जनी त्या ओळीवरून सरकवून कापड पुन्हा पसरवायचं, दोऱ्याला हवी तेवढी ढील द्यायची. त्यांनी माझा सुईचा हातही बदलला. मी सुई चालवत होते. जपानी शिवणकामात सुई जवळजवळ स्थिर राहते, डावा हात कापड वर-खाली करत सुईवर चढवत जातो. मधल्या बोटाला चामड्याची अंगठी, तिच्यावर सुईचं मागचं टोक टेकलेलं. तीन दिवस ते जमेना. चौथ्या दिवशी जमलं, आणि टाके आपोआप एका मापाचे पडायला लागले.

तीन आठवड्यांचा पाऊस मी उसवला. एक संध्याकाळ रडून घेतलं, मग कात्री घेतली. उसवलेल्या टाक्यांची भोकं निळ्या कापडावर दिसत होती. ओलसर फडकं वरून अलगद दाबून, नखानं धागे सारखे करून ती बुजवली. पुन्हा सगळं टाचलं, यावेळी बोटभर अंतरावर कच्च्या टाक्यांचं जाळं.

मग मधून बाहेर, दोन्हीकडे सारखं. ओळींमधलं अंतर साधारण सव्वा सेंटीमीटर, ढगापासून खालच्या काठापर्यंत कुठेही मोकळी जागा नाही. पुलावरून आणि माणसांवरूनही पाऊस गेलाच पाहिजे, मूळ चित्रातही तो कुणाला सोडत नाही. अठरा दिवस खपून केलेल्या छत्र्यांमधून सुई घालताना हात अडखळला, हे खरं. पण पहिली रेघ आरपार गेली आणि ती माणसं चित्रात आली. तोवर ती वर चिकटवल्यासारखी होती.

गडद दिशा संपली, मग राखाडी दोऱ्यानं दुसरी. दोन्ही मिळून शंभर मीटरच्या वर धावदोरा झाला असेल. दुसऱ्या दिशेचा कल मी आधी फार ठेवला होता आणि चौकड्या पडायला लागल्या, सतरंजीसारख्या. तो कमी करत करत इतका आणला की दोन रेघा लांबवर कुठेतरी एकदाच भेटतात. तिथे सर आली. पुलाच्या दोन्ही कडांना लगटून एकेक ओळ, एवढंच बाकीचं क्विल्टिंग.

नोव्हेंबरात काम उतरलं. सपाट करायला वरून नुसता वाफेचा हबका देऊन चटईवर टाचण्यांनी चारी बाजू काटकोनात ताणून दोन दिवस ठेवलं. यासाठी हवा कोरडी लागते, त्सुयुत हे केलं असतं तर बुरशी धरली असती. मोजलं: मधे ७१.५. वर-खालीही ७१.५. कडेला काळसर निळा गोट. मागे वरच्या बाजूला कापडी बोगदा शिवला आणि त्यात बांबूची काठी घातली, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर पसरतं आणि तीन टाचण्यांवर निभावतं. पश्चिमेच्या उन्हाची भिंत सोडून दुसरी निवडली. त्या युकाताला मिळायचं ते ऊन आधीच मिळून गेलं आहे.

सेन्सेइ घरी आल्या. चहा ठेवला होता तो निवला, कारण त्या भिंतीपाशीच उभ्या. तळहात पावसावरून वरून खाली हळूच फिरवला. मग म्हणाल्या, या पुलावरून त्या लहानपणी शाळेत जायच्या, आजच्या नव्हे, आधीच्या लोखंडी पुलावरून. १९१२ चा तो पूल १९२३ च्या भूकंपात टिकला आणि त्यानं कितीतरी माणसं वाचवली, असं त्यांची आई सांगायची. त्याचा एक भाग आता इनुयामाच्या मेइजि-मुरा संग्रहालयात नेऊन ठेवला आहे. “मी बघायला गेले नाही कधी,” त्या म्हणाल्या.

रात्री आईला दाखवलं. तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “मागची बाजू दाखव.”

टाचण्या काढल्या, कॅमेऱ्यासमोर उलटं धरलं. मागे ना नदी, ना माणसं, ना ढग. आजीचं विटकं हिरवं लुगडं, त्यावर पुलाच्या दोन वाकलेल्या ओळी आणि वरपासून खालपर्यंत पाऊस.

आई स्क्रीनच्या अगदी जवळ आली. “गाठी कुठं लपवल्यास गं,” ती म्हणाली, “एक दिसत नाही.”